तीन वीत गुराब

अक्काचा हात आणि माझा हात एका मापाचे. अक्का माझी थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी. पण तिचा हात आईसारखा लहानखुरा आणि माझा आप्पांसारखा लांब बोटांचा, त्यामुळं मी चौदा-पंधराची झाले तेव्हा दोघींचे हात एका ठिकाणी येऊन थांबले. शिरूरच्या बाजारात कासार बसायचा, त्याच्यापुढं आई एकीलाच बसवायची आणि त्याच मापाच्या बांगड्या दुसरीसाठी घेऊन यायची. घरी आलं की आम्ही तळहाताला तळहात लावून बघायचो, कुणाचं बोट पुढं गेलंय का. नाही. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलं तरी वीत तेवढीच.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते सगळं या वितीवरूनच झालं.

माझं लग्न दौंडला झालं, मालक रेल्वेत. अक्काचं शिरूरमध्येच झालं, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. दोघींनाही शिवणाचा नाद. तवा फोन कुठला? पत्र असायचं. पत्रात खुशाली दोन ओळी आणि माप चार ओळी. ‘झबलं दोन वीत, बाही सहा बोटं, गळा जरा मोठा ठेव, पोराचं डोकं बापावर गेलंय.’ मी इकडं दौंडला हात पसरून कापड कापायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर झबलं शिरूरला पाठवायची. कधी एक टाका उसवावा लागला नाही. आमच्याकडं टेप नव्हती असं नाही, मशिनच्या खणात असायची. पण टेप परक्यांच्या कपड्यांसाठी.

ही सवय आप्पांची. आप्पा बाइंडर होते. शिरूरला त्यांचं लहानसं दुकान, दुकान म्हणजे काय, एक खोली, एक पाट आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. आडत्यांच्या चोपड्या, शाळेची हजेरीपत्रकं, कुणाची फाटकी पोथी, सगळं त्यांच्याकडं यायचं. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. पुठ्ठा कापताना आप्पा हात पसरून मोजायचे. पट्टी असायची ती नुसती सरळ रेघ मारायला. आणि आम्हा दोघींना शेजारी बसवून सांगायचे, “कागदाला बी कापडासारखं उभं-आडवं असतंय. उभ्यात वळवला की वळतो, आडव्यात वळवला की रागावतो.” खरंच, आडवा वळवला की कागदाला मुरड पडते आणि ती काही केल्या जात नाही.

अक्काच्या इतिहासाच्या पुस्तकात मराठ्यांच्या आरमाराचं एक चित्र होतं. त्यात गुराब होती, म्हणजे लढाईचं शिडाचं जहाज. पुढं निमुळतं होत गेलेलं नाकाड, पोट रुंद, दोन डोलकाठ्या आणि नाकाडावरून समोर रोखलेल्या दोन तोफा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आप्पांनी ते चित्र बघून चोपड्यांच्या उरलेल्या पुठ्ठ्यातून तीन वीत लांबीची गुराब केली. आप्पांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुराची घोडनदी. चित्रात मागच्या बाजूला काय आहे ते नीट कळेना, तर त्यांनी तिथं सरळ छपराच्या बैलगाडीसारखी कमान बसवून दिली. शेजारचे एक मामा मुंबईला गोदीत काम करून आलेले, ते बघून म्हणाले, “आप्पा, लढाईला चाललीया का नवरीला आणाया?” आप्पाही हसले. पण कमान काढली नाही.

ती गुराब बुडवली मी. मी नऊ वर्षांची होते. जहाज आहे म्हटल्यावर ते पाण्यात पोहायला नको? दुपारी आप्पा जेवून आडवे झाले आणि मी गुराब उचलून घोडनदीवर नेली. अक्का मागं पळत आली, “ठेव, ठेव माघारी” करत, पण तोवर मी परकरानिशी पाण्यात. गुराब मोठ्या डौलात हातभर गेली. मग खाली बसत गेली, खळ सुटली, पुठ्ठा फुगला, आणि माझ्या हाताला लागला तो नुसता लगदा. घरी आलो तेव्हा आप्पा दारातच उभे. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, “मी नेली.” आप्पांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मारलं नाही. “पुन्हा करू,” म्हणाले. पुन्हा काही ती झाली नाही. कामं निघत गेली, आमची लग्नं निघाली, मग आप्पाच गेले. लोखंडी प्रेस तेवढा अक्काच्या घरी आला.

आता अलीकडचं सांगते. अक्का सत्तरीला आली. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली, शिरूरच्या घरात ती एकटी असते. मुलगा शिक्रापूरला. एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे तयार झालेला माल मोजून पास करायचा. हायवेला लागूनच तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. मुलगा लाखात एक, सूनही भली. पण अक्काला तिथं जायचं नाही. एकदा आठ दिवस राहून आली तर म्हणाली, “खिडकी उघडली की ट्रक घरात येतोय गं. आन् बोलायचं कुणासंगं, लिफ्टसंगं?” तिचं सगळं शिरूरच्या गल्लीत. दारात बसून चौघींशी बोलल्याशिवाय तिची भाजी निवडून होत नाही.

पण गेल्या उन्हाळ्यात तिच्या हातून दुधाचं पातेलं सुटलं आणि पाय भाजला. मुलगा दोन आठवडे रजा काढून राहिला आणि जाताना सांगून गेला, “आई, या वेळी ऐकलं तुझं. पण परत असलं काही दिसलं ना, की घराला कुलूप. मग तू रड नाहीतर माझ्याशी बोलू नकोस.” अक्कानं मला फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाली, “पातेलंच घसरं होतं.”

श्रावणात मीच विषय काढला. दर वर्षी आमच्या माहेरच्या गौरी अक्काकडं बसतात, मीही तेवढ्यासाठी जाते. म्हटलं, “अक्का, यंदा आरास काय करायची? तीच झिरमिळ्यांची माळ का?”

ती म्हणाली, “आप्पांची गुराब करू या का?”

“कागदाची?”

“मग काय लोखंडाची? निळी साडी अंथरली की झाला समुद्र. पोरगं बी बघंल, आईचा हात अजून चालतोय म्हणून.”

म्हणजे तिला काय हवं होतं ते तिनं सांगूनच टाकलं होतं. पण मला ते तेव्हा एवढं ध्यानात आलं नाही. मी जहाजातच रमले.

बेत फोनवरच झाला. एकटीनंच सगळं करत बसलं तर गौरी येऊन उठूनही जातील, म्हणून अर्धी गुराब तिनं करायची, अर्धी मी. डावी कूस तिची, उजवी माझी. मधली उभी फळी, म्हणजे जहाजाचा कणा, मी कापायची. मग मी दौंडहून कणा आणि माझी कूस घेऊन जायचं आणि तिथं जोडायचं. मी कॅलेंडरच्या मागं चित्र काढलं आणि नातीकडून त्याचा फोटो काढून पाठवला. मापं बाजूला लिहिली: लांबी तीन वीत, पोट एक वीत, नाकाड दहा बोटं. अक्काचा फोन आला, “कमान कुठं हाय?”

“अगं, खऱ्या गुराबीला कमान नसते.”

“आप्पांच्या होती.”

मग चित्रात कमानही काढून दिली.

कागद म्हणाल तर लग्नपत्रिका. आमच्याकडं ज्याच्या घरी लग्न तो अख्ख्या तालुक्याला पत्रिका देतो, सोफ्याखाली थप्पी साचते. जाड, गुळगुळीत, चांगला वळणारा कागद. फक्त वरचा गणपती कापायचा नाही. तो आधी अलगद कात्रीनं काढून देवघराच्या खणात ठेवायचा आणि मग बाकीच्या पत्रिकेच्या बोटभर पट्ट्या. मिठाईच्या खोक्यांच्या फासळ्या केल्या, त्यांच्यावर एकेक पट्टी ओलसर करून लाटण्यावर वळवून चिकटवत गेले. नक्षी आत ठेवली, कोरी बाजू बाहेर. त्यामुळं माझ्या गुराबीच्या पोटात बघाल तर सगळे मामा, काका, माजी सरपंच, समस्त ग्रामस्थ दाटीवाटीनं बसलेले. एका फासळीजवळ ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं’ अशी ओळ आली, ती मी मुद्दाम सरळ लावली. डोलकाठ्या विणायच्या सुईवर कागद गुंडाळून. तोफा म्हणजे पेनाची टोपणं, काजळ फासून.

खळीत मोरचूद टाकलं तेव्हा तो वास आला आणि मी कढई उतरवून तशीच उभी राहिले. पन्नास वर्षं झाली त्या वासाला.

रोज दुपारी अक्काचा फोन. माझ्या बारा पट्ट्या झाल्या की तिच्या चार. मी चिडवायची, “काय गं, लग्नात बसलीस का काय पत्रिका वाचत?”

“कात्री बोथट झालीया.”

दुसऱ्या दिवशी, “कागद लई जाड हाय.” तिसऱ्या दिवशी, “पाव्हणं आलं होतं.” पुठ्ठे प्रेसमध्ये दाबलेस का विचारलं तर म्हणाली, पिठाच्या डब्याखाली ठेवलेत. आप्पांचा प्रेस घरात असताना पिठाचा डबा! मला तिथंच कळायला हवं होतं. आपण ऐकतो, पण ऐकत नाही.

गौरींच्या आधी दहा-बारा दिवस मी निघाले. साड्यांच्या मोठ्या खोक्यात कणा आणि माझी कूस, खोकं मांडीवर. एसटीत शेजारच्या बाईनं चौफुल्यापर्यंत दम धरला, मग विचारलंच, “काय हाय ओ मावशी, केक?”

“जहाज.”

ती खिडकीकडं तोंड करून बसली ती न्हावऱ्याला उतरेपर्यंत.

अक्कानं चहासुद्धा ठेवला नाही, आधी खोकं उघडलं. पाटावर कणा उभा केला, माझी कूस लावली, फिट्ट. मग तिनं तिची आणली. काम सुबक होतं, पट्टीला पट्टी भिडलेली. नाकाडाशी नाकाड जुळवलं आणि मागं बघितलं तर तिची कूस संपली होती आणि माझी पुढं चालूच. चांगली पाच बोटं. पोटालाही ती कमीच. एका बाजूनं म्हैस आणि एका बाजूनं रेडकू असं ते जहाज दिसायला लागलं.

“तीन वीत सांगितली होती,” मी म्हणाले.

“तीनच हाय.”

“अगं डोळ्यांनी दिसतंय की! दोन विती आणि थोडं केलंयस.”

“तुझीच लांब झालीया. पहिल्यापासून तुला समदं जास्तीचं लागतंय. परकराला बी चार बोटं जास्तीची घ्यायचीस तू.”

“मी कणासुद्धा त्याच मापानं कापलाय!”

“मग कणा बी चुकला!”

दोन म्हाताऱ्या भांडताना शेजारीण दारात येऊन उभी राहिली, बघून निघून गेली. शेवटी मी म्हटलं, “आण इकडं हात. मोजू तुझ्या देखत.” आणि लहानपणी लावायचो तसा तळहात पुढं केला. तिनं हात पदराखाली घेतला.

“अक्का, आण.”

“पीठ लागलंय हाताला.”

मी पदर बाजूला केला. पीठ काही नव्हतं. तिचा तळहात माझ्या तळहाताला लावला. अंगठा जुळला, पहिलं बोट जुळलं, मधलं जुळलं. पुढची दोन बोटं मात्र माझ्या बोटांवर टेकेनात. आत वळून राहिली होती. मी हळूच सरळ करायला गेले तर तिनं ओठ दाबले. तिनं वीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच मोजली होती हो, तिनं काही चोरलं नव्हतं. करंगळीच माघारी फिरली होती.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. आधी एक. आता दोन.” मग म्हणाली, “पातेलं घसरं नव्हतं.”

आम्ही दोघी त्या वेड्यावाकड्या जहाजापुढं बसून राहिलो. बोथट कात्री, जाड कागद, पिठाचा डबा, सगळं माझ्यापुढं एकेक करून आलं. प्रेसचा दांडा तिला फिरवता येत नव्हता. कुकरचं झाकण, नळ, ओल्या साडीचा पिळा, यातलं काय काय तिला जमत नसेल ते मी मनातल्या मनात मोजत होते आणि तिला ते कळत होतं.

“बोलायचं न्हाई हं त्याला,” ती म्हणाली. “तो गौरींना येणार. बघितलं तर तिथल्या तिथं कुलूप लावंल. तुला आप्पांची आण.”

मी हो म्हटलं. मला तेव्हा तिचा तो दारातला ‘मी नेली’ आठवत होता, दुसरं काय म्हणणार होते? पण तिला एकटं ठेवणं बरोबर का, हेही मनातून जाईना.

गुराबीचा प्रश्न तिनंच काढला. “माझी कूस मोडू या. तुझ्या मापाची पुन्हा कर.” मी म्हटलं, काही गरज नाही. माझीच कूस मी ओल्या फडक्यानं भिजवली, पट्ट्या सोडवल्या आणि कणा मागून छाटला. “आता तू मोज,” म्हटलं. तिनं हात पसरला, जेवढा पसरतो तेवढा, आणि मी त्या त्या ठिकाणी पेन्सिलीनं खूण करत गेले. कापणं माझं, खळ लावणं तिचं. खळ तळहातानं लावतात, त्याला बोटं लागत नाहीत, आणि ते काम तिच्याइतकं सारखं मला आजही येत नाही. आठ दिवस आम्ही ओसरीवर बसून होतो. आप्पांच्या प्रेसचा दांडा मी फिरवला. कमान तिनं बसवली.

गौरी जेवायच्या दिवशी निळ्या साडीवर गुराब उभी राहिली. शिडं आप्पांच्या उरलेल्या पिवळ्या चोपडीच्या कागदाची, दोर गोधडीच्या दोऱ्याचे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका गौरी सोडून तिच्याभोवतीच.

“अगं बया, पाणी शिरंल की हिच्यात!” एक म्हणाली.

“शिरंल कसं,” अक्का म्हणाली, “आत पाय ठेवाया जागा हाय का? समस्त ग्रामस्थ बसल्यात.”

तिचा उजवा हात पदराखाली होता. कुंकू ती डाव्या हाताच्या बोटानं लावत होती आणि मी मध्ये मध्ये उभी राहून ते झाकत होते.

मुलगा सकाळच्या पाळीवरून तसाच आला होता. गुराब बघून हरखला, फोटो काढले, आईच्या पाया पडला. “मस्तच गं आई. मी म्हटलं होतं झेपणार नाही तुला.” अक्काचा चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू! मग त्याला भिंतीला लावलेलं कॅलेंडरचं चित्र दिसलं. आता ज्याचा जन्म मोजण्यात गेला तो काय करणार? खिशातून लहानशी स्टीलची टेप काढून उकिडवा बसला.

“मावशी, यात तीन वीत लिहिलंय. वीत आठ इंच धरली तर आठ त्रिक चोवीस. ही सव्वावीस भरतीये. जवळजवळ चार इंचाचा फरक? एवढा कसा काय आला?”

बायका गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. अक्का ताटं उचलायच्या निमित्तानं वाकली ती तशीच राहिली.

“माझी चूक झाली रे,” मी म्हणाले. “मीच माप चुकवलं. म्हातारपण, दुसरं काय.”

तो मान हलवून टेप गुंडाळायला लागला. झालं होतं, मिटलं होतं. तेवढ्यात अक्का उभी राहिली.

“खोटं बोलतीया ती.”

“अक्का!”

“गप गं. परकर ओला कुणाचा व्हता ते आप्पांना तवा बी कळलंच व्हतं.” आणि तिनं पदराखालचा हात काढून गुराबीच्या शेजारी, निळ्या साडीवर ठेवला. “ही माझी वीत. एवढीच उरलीया. ह्या वितीनं केलंय समदं, हिला इचारून. आता लाव कुलूप.”

तो तिचा हात दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट बघत राहिला, माल बघावा तसा नाही, जपून. “दुखतं?”

“सकाळचं.”

“सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू? कुलूपवाल्याला?”

तो हसला, पण डोळे भरले होते त्याचे. मग टेप पुन्हा उघडून त्यानं तिच्या अंगठ्यापासून वळलेल्या करंगळीपर्यंत लावली. खिशातला पेन काढून कॅलेंडरच्या चित्राखाली लिहिलं: १ वीत = पावणेसात इंच. खाली स्वतःची सही केली.

“आमच्याकडं असंच करतात,” म्हणाला. “ड्रॉइंग चुकलं असेल तर ड्रॉइंग सुधारायचं. पीस पास.” आणि मग आईकडं न बघता माझ्याकडं बघून, “मावशी, तू आठवड्यातले किती दिवस येऊ शकशील?”

तेव्हापासून मी गुरुवारी दौंडहून निघते आणि रविवारी माघारी येते. मधले तीन दिवस शेजारीण कुकर लावून देते. मुलानं नळाला लांब दांड्याची तोटी बसवली, हाताच्या डॉक्टरकडं तो तिला घेऊन जातो. एक बोट थोडं सुटलंय, दुसरं नाही. कुलुपाचं त्यानं पुन्हा काढलेलं नाही, आणि आम्हीही काढत नाही. कायमचं मिटलंय असं मी म्हणणार नाही. गुराब आप्पांच्या प्रेसवर ठेवलीय, शिडांवरची धूळ अक्का मोरपिसानं झाडते.

परवा बुधवारी तिचा फोन आला. “येताना देवघराचा पडदा शिवून आण. पाच वीत लांब, तीन वीत रुंद.” मी मशिनचा खण उघडला, टेप हातात घेतली आणि पुन्हा ठेवून दिली. कापडावर हात पसरला. मग शेवटची दोन बोटं जराशी आत वळवली आणि मोजत गेले.

पडदा बरोबर बसला.